महिन्यातला एक रविवार गाड्यांसाठी

प्रति,
माननीय क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय: हौशी कार रेसिंगसाठी जागा आणि परवानगीची सोय होण्याबाबत



ऑगस्ट 2024 मध्ये पुण्याच्या डायना पंडोले यांनी कार रेसिंगच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत सलून गटाचे विजेतेपद पटकावले. कार रेसिंगमध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय महिला, असा त्यांचा उल्लेख देशभरच्या वर्तमानपत्रांत झाला. त्या पेशाने शिक्षिका, दोन मुलांची आई. 2018 मध्ये एका टायर कंपनीने खास महिलांसाठी घेतलेल्या निवड उपक्रमातून त्या या खेळात आल्या. महाराष्ट्राची कॉलर ताठ व्हावी अशीच ही बातमी होती. मात्र ज्या ट्रॅकवर त्या जिंकल्या, तो चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथे आहे. हे पत्र त्या अंतराविषयी आहे.

इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ज्या राष्ट्रीय महामार्ग 48 लगत आहे, तोच महामार्ग पुणे, सातारा, कोल्हापूर करत पुढे जातो. पुण्याहून हे अंतर साधारण 1,150 किलोमीटर. रेसची गाडी एवढ्या लांब चालवत नेता येत नाही; ती ट्रेलरवर किंवा ट्रकवर चढवावी लागते. ओढणाऱ्या गाडीला लिटरमागे आठ किलोमीटरचे ॲव्हरेज धरले, तर जाऊन-येऊन 2,300 किलोमीटरला सुमारे 290 लिटर डिझेल लागते. नव्वदचा भाव धरला तर नुसत्या डिझेलचे 26,000 रुपये झाले. टोल वेगळा, ड्रायव्हर आणि मेकॅनिकचा भत्ता वेगळा, लॉजचे मुक्काम वेगळे, नोकरीतल्या रजा वेगळ्या. मोसमात अशा चार फेऱ्या केल्या की लाखभर रुपये गाडी ट्रॅकवर उतरण्याआधीच रस्त्यात संपतात. कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे घ्या किंवा ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट घ्या, हिशेब फारसा हलत नाही. नागपूरकराला नोएडा जवळचे वाटावे, तर तेही हजार किलोमीटरच्या घरात.

हौसेला मोल नसते असे म्हणतात. या हौसेला मात्र मोल आहे आणि ते नेमके कशाचे, हे कुणी मांडून दाखवत नाही. म्हणून ‘कार रेसिंग हा श्रीमंतांचा खेळ’ हे वाक्य वर्षानुवर्षे तसेच फिरते आहे आणि सरकारी पातळीवर विषय तिथेच मिटतो. आपल्या टेबलावर तो नव्याने यावा यासाठी आधी हा खर्च थोडा उलगडून पाहू.

जगातल्या सर्वांत स्वस्त म्हणवणाऱ्या शर्यतीपासून सुरुवात केलेली बरी. अमेरिकेत जे लॅम नावाच्या पत्रकाराने 2006 मध्ये ‘24 अवर्स ऑफ लेमन्स’ सुरू केली. फ्रान्समधल्या ल मां इथल्या प्रतिष्ठित 24 तासांच्या शर्यतीची ही उघड टिंगल. नियम एकच, पण कडक: गाडीची किंमत 500 डॉलरच्या आत हवी. परीक्षकांना गाडी महाग वाटली, तर जास्तीच्या प्रत्येक दहा डॉलरमागे एक फेरी दंड म्हणून कापली जाते. परीक्षक उघडउघड लाच घेतात, बहुधा खाण्यापिण्याची, आणि घेतली याची खूण म्हणून गाडीच्या पत्र्यावर तसा ठसाही रंगवतात. (मंत्रालयातल्या कुणी हे मनाला लावून घेऊ नये.) सर्वांत मोठे बक्षीस पहिल्या आलेल्याला मिळत नाही, शेवटपर्यंत टिकेल असे कुणाच्या स्वप्नातही नव्हते असा डबडा जो संघ रेटतो, त्याला ते मिळते.

ही गंमत ऐकून पुष्कळ लोक जुनी गाडी शोधायला निघतात, आणि मग त्यांना दुसरी ओळ दिसते. त्या 500 डॉलरमध्ये सुरक्षेचे सामान धरलेले नाही. गाडीच्या आत जाड पोलादी पाइपांचा पिंजरा, म्हणजे रोल केज, वेल्ड करून बसवावा लागतो. सीट रेसची हवी. पट्टे पाच-सहा टोकांचे हवेत आणि तेही मुदतीतले, कारण त्यांचे कापड उन्हाने आणि ताणाने कमजोर होते. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या म्हणजे एफआयएच्या मानकाचे पट्टे पाच वर्षांनी बाद धरले जातात. आग विझवणारे नळकांडे हवे, ड्रायव्हरच्या अंगात आग सोसणारा सूट, हातमोजे, बूट हवेत. मान वाचवणारे ‘हान्स’ हे साधनही हवे. जोराच्या धडकेत धड पट्ट्यांनी जागच्या जागी राहते, डोके मात्र पुढे फेकले जाते आणि कवटीच्या तळाला जीवघेणी इजा होते. ते हे साधन रोखते. 2001 मध्ये डेल अर्नहार्ट या नामांकित अमेरिकी ड्रायव्हरचा अशाच इजेने मृत्यू झाला, आणि 2003 पासून फॉर्म्युला वनने ते सक्तीचे केले. या सगळ्याची बेरीज गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट होते. 500 डॉलरच्या गाडीत काही हजार डॉलरचे लोखंड आणि कापड बसते.

त्यानंतर येतो तो न संपणारा खर्च. टायर, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल, पेट्रोल, प्रवेश फी. घाटातून उतरताना पेडल खोल जाऊ लागल्याचा अनुभव ज्याने घेतला आहे, त्याला ब्रेक ऑइलचे महत्त्व सांगायला नको. डॉट-3 प्रतीचे नवे ऑइल साधारण 205 अंशांना उकळते, डॉट-4 प्रतीचे 230 अंशांना. हवेतले बाष्प शोषले गेले की दोन्ही त्याआधीच उकळतात. रस्त्यावर दोन वर्षे चालणारे ऑइल ट्रॅकवर दोन दिवसांत बदलावे लागू शकते. म्हणून गाडीला गाडी भिडवून पळण्याची शर्यत, जुन्या गाडीने केली तरी, खऱ्या अर्थाने स्वस्त होत नाही. पिंजरा बसवलेली गाडी रस्त्यावर आणायची म्हटली तर आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आडवे येते, कारण मूळ बनावटीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. म्हणजे रोजच्या वापराची एक गाडी, रेसची दुसरी, आणि तिला न्यायला तिसरी.

इथपर्यंत ‘श्रीमंतांचा खेळ’ म्हणणाऱ्यांचे बरोबर आहे. पण कार रेसिंगचे हे दुसऱ्या-तिसऱ्या इयत्तेचे वर्ग झाले. पहिल्या इयत्तेचा वर्ग वेगळाच असतो, आणि तो महाराष्ट्रात नीट भरतच नाही.

अमेरिकेत त्याला ऑटोक्रॉस म्हणतात. मोठे डांबरी किंवा काँक्रीटचे रिकामे मैदान, त्यावर नारिंगी रंगाचे रबरी कोन मांडून आखलेली वळणावळणाची वाट, आणि घड्याळ. वाटेवर एका वेळी एक गाडी सोडतात. मोठ्या मैदानावर दुसरी गाडी पुरेसे अंतर ठेवून निघते. कुणी कुणाला ओव्हरटेक करत नाही, त्यामुळे गाडीवर गाडी आदळण्याचा प्रश्न येत नाही. वेग हायवेवर कायद्याने जितका चालतो साधारण तेवढाच, तोही क्षणभर. बहुतेक सारा खेळ दुसऱ्या गिअरमध्ये चालतो. कोन पाडला की वेळेत दोन सेकंद वाढतात. एक फेरी मिनिटभराची. दिवसाकाठी प्रत्येकाला चार ते सहा फेऱ्या मिळतात. सगळ्या मिळून अंतर होते जेमतेम पाच-सहा किलोमीटर, त्यामुळे पेट्रोल लागते लिटर-दोन लिटर.

गाडी कोणती? ज्या गाडीने माणूस सोमवारी ऑफिसला जातो तीच. पिंजरा नको, खास सीट नको, सूट नको. कंपनीचे पट्टे आणि प्रमाणित हेल्मेट पुरते; मोटारसायकलचे चांगल्या मानकाचे हेल्मेटही बहुतेक ठिकाणी चालते. सकाळी तपासणी होते: बॅटरी घट्ट बांधली आहे ना, चाकांचे नट आवळले आहेत ना, बेअरिंगमध्ये खेळ नाही ना, ब्रेकचे पेडल खाली जात नाही ना, पायाखालची चटई आणि मागच्या सीटवरच्या पाण्याच्या बाटल्या काढल्या आहेत ना. एवढे झाले की गाडी रांगेत. प्रवेश फी अमेरिकेत दिवसाला साधारण 40 ते 70 डॉलर, म्हणजे तिथल्या मध्यमवर्गीय कुटुंबाने बाहेर एकदा जेवण्याएवढी.

फी इतकी कमी ठेवता येते याचे कारण कामाची वाटणी. अर्धे स्पर्धक गाडी चालवतात तेव्हा उरलेले अर्धे उन्हात उभे राहून पडलेले कोन उचलतात, झेंडा दाखवतात, वॉकीटॉकीवर दंड कळवतात, वेळ नोंदवतात. मग पाळी बदलते. पगारी माणूस जवळपास नाहीच. गावच्या जत्रेत मंडळाची पोरेच मांडव घालतात, पंगत वाढतात आणि रात्री नाटकातही उभी राहतात, तसाच हा मामला. लहान आणि मोठ्या गाड्यांची तुलना व्हावी म्हणून प्रत्येक गटाला एक गुणक दिलेला असतो. वेळेला त्याने गुणले की आठशे सीसीच्या गाडीतला चांगला ड्रायव्हर तीन लिटरच्या गाडीतल्या कच्च्या ड्रायव्हरच्या वर दिसतो. पैशांपेक्षा हात-पाय-डोळ्यांना किंमत देणारी अशी पद्धत मोटारींच्या दुसऱ्या कुठल्या खेळात क्वचितच असेल.

स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही 1944 ची संस्था हा खेळ देशभर चालवते. तिची राष्ट्रीय ऑटोक्रॉस स्पर्धा 2009 पासून नेब्रास्कातल्या लिंकन शहरी, एका जुन्या हवाई तळाच्या काँक्रीटवर होते. हजारावर ड्रायव्हर येतात. प्रेक्षकांसाठी स्टेडियम नाही, तिकीट नाही, दिव्यांचे खांब नाहीत. जागा आहे, तेवढी पुरते.

जागा हाच या खेळाचा खरा इतिहास आहे. इंग्लंडमधले सिल्व्हरस्टोन आज जगभर माहीत आहे. 1943 मध्ये तो ब्रिटिश हवाई दलाचा युद्धकालीन तळ होता. युद्ध संपले, विमाने गेली, धावपट्ट्यांवर मेंढ्या चरू लागल्या. 1947 मध्ये बारा-एक हौशी मंडळींनी तिथे परवानगीशिवाय शर्यत लावली, त्यात एका गाडीखाली मेंढी सापडली, आणि ती शर्यत ‘मटन ग्रां प्री’ या नावाने अजरामर झाली. पुढच्याच वर्षी रॉयल ऑटोमोबाइल क्लबने तिथे रीतसर शर्यत भरवली, आणि मे 1950 मध्ये फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत त्याच धावपट्ट्यांच्या परिसरात झाली. त्या काळात तिकडे 750 मोटर क्लब ही 1939 मध्ये स्थापन झालेली संस्था ऑस्टिन सेव्हन या जुन्यापान्या छोट्या गाडीचे सुटे भाग वापरून स्वस्तात शर्यती करत होती. कॉलिन चॅपमन नावाच्या तरुणाने 1948 मध्ये मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजमध्ये एक ऑस्टिन सेव्हन फोडून आपली पहिली गाडी बनवली, 1951 मध्ये आपल्या तिसऱ्या गाडीने या क्लबच्या शर्यती गाजवल्या, आणि पुढे त्याच्या लोटस संघाने फॉर्म्युला वनची सात विजेतेपदे घेतली.

भारतातली गोष्ट फार वेगळी नाही. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना 1953 ची. त्यांच्या शर्यती चेन्नईच्या उत्तरेला शोलावरमला होत, आणि शोलावरम म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली सोडून दिलेली धावपट्टी. तिथे पिढ्या तयार झाल्या म्हणून 1990 च्या सुमारास इरुंगट्टुकोट्टईचा कायमचा ट्रॅक उभा राहिला. कोइमतूरच्या उद्योजक घराण्यातल्या एस. करिवर्धन यांनी 1988 मध्ये मारुती 800 चे इंजिन घेऊन एकाच माणसाने बसायची रेसची गाडी बनवली: फॉर्म्युला मारुती. परदेशी गाडीचा खर्च न परवडणाऱ्या तरुणांसाठी ती होती. नारायण कार्तिकेयन यांनी शर्यतीचे पहिले धडे याच गाडीत घेतले आणि 2005 मध्ये ते फॉर्म्युला वनमध्ये पोहोचलेले पहिले भारतीय ठरले. करिवर्धन यांना ते पाहता आले नाही. 1995 मध्ये छोट्या विमानाच्या अपघातात ते गेले. कोइमतूरचा ट्रॅक त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

तामिळनाडूला हे जमले ते कुणा अब्जाधीशाने सर्किट बांधून दिले म्हणून नव्हे. अब्जाधीशांच्या सर्किटचे काय होते ते ग्रेटर नोएडात दिसले. 2011 मध्ये बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन मोठ्या थाटात आले. खेळ म्हणायचे की करमणूक, या करांच्या वादात अडकले आणि 2013 नंतर परतलेच नाही. खालचे वर्ग नसताना वरचा मजला बांधला की असे होते. महाराष्ट्राने तसले काही बांधावे अशी मागणी या पत्रात नाही. एक रुपयाच्या अनुदानाचीही नाही.

उलट मोटारींच्या बाबतीत महाराष्ट्राच्या हाताशी जे आहे ते फार थोड्या राज्यांकडे असेल. पिंपरी, चाकण, रांजणगाव, नाशिक, वाळूज इथे देशातल्या कितीतरी गाड्या बनतात. गाड्यांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था 1966 पासून पुण्यात आहे. ज्या फोक्सवॅगन पोलो गाड्यांवर 2010 पासून भारतातल्या हौशींनी एकाच बनावटीच्या गाड्यांची शर्यत अनुभवली, त्या पोलोचे उत्पादन चाकणला होत असे. शर्यती मात्र चेन्नई-कोइमतूर-नोएडाला. कोल्हापूरला कार्टिंगचे वेड आहे, तिथल्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. तळेगावच्या बाजूला नानोलीत छोटा ट्रॅक उभा राहिला आहे. पुण्याचे संजय टकले मोटोक्रॉसच्या धुळीतून सुरुवात करून आशियातल्या रॅलीत आणि 2025 मध्ये सौदी अरेबियातल्या डकार क्लासिकपर्यंत गेले. लोणावळ्याच्या पलीकडे ॲम्बी व्हॅलीच्या खासगी धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या ड्रॅग शर्यती भरल्या, तेव्हा महागड्या गाड्यांच्या रांगेत घरी ट्यून केलेल्या जुन्या गाड्याही उभ्या होत्या.

आणि अभियांत्रिकीची मुले आहेत. 2007 पासून बाहा एसएईइंडिया ही स्पर्धा होते. कॉलेजातली मुले स्वतः गाडी आखतात, वेल्ड करतात, आणि ती पळवायला बहुतेक वर्षे मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला नेतात. स्पर्धेच्या आधी ती कुठे पळवून पाहायची? कॉलेजच्या मागच्या पार्किंगमध्ये, प्राचार्य बाहेरगावी गेले असताना.

आता कायद्याकडे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 मध्ये सार्वजनिक ठिकाणी गाड्यांची शर्यत किंवा वेगाची चाचणी करणाऱ्याला शिक्षा सांगितली आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर ती पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड अशी कडक झाली. ती हवीच. रात्री पाम बीच रोडवर पळणाऱ्यांना हा कायदा लागलाच पाहिजे. पण हेच कलम ‘राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय’ या शब्दांनी सुरू होते. कायदा करणाऱ्यांनी दरवाजा ठेवला आहे आणि त्याची किल्ली महाराष्ट्र सरकारच्या खिशात आहे. दिल्लीला विचारायचे नाही, कायदा बदलायचा नाही. संमती मागायची कुणाकडे, कोणत्या अर्जावर, किती दिवसांत उत्तर मिळणार, एवढेच ठरवायचे आहे. आज हौशी क्लबचा माणूस पोलीस ठाण्यातून आरटीओकडे, तिथून जिल्हाधिकारी कार्यालयात आणि तिथून पुन्हा पोलीस ठाण्यात फिरतो.

शर्यतीला नियमात बसवणे या राज्याला अवघड नाही, हे बैलगाडा शर्यतीने दाखवून दिले आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली. महाराष्ट्राने 2017 मध्ये स्वतःचा कायदा केला, नियम लिहिले, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची पद्धत घातली, डिसेंबर 2021 मध्ये अटींसह मुभा मिळवली, आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. ऑगस्ट 2022 मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा मिळाला; थरांवरून पडणाऱ्या गोविंदांची काळजी कशी घ्यायची, यावर शासनाने विचार केला. कोनांमधून एकट्याने फिरणाऱ्या गाडीसाठी यापेक्षा पुष्कळ कमी शाई लागेल.

जागाही नव्याने संपादित करायची नाही. राज्यात जिल्ह्याजिल्ह्यांत छोट्या धावपट्ट्या आहेत. काहींवर प्रशिक्षणाची विमाने उडतात, ती सोडून द्या. काहींवर मात्र आठवडेच्या आठवडे काही उतरत नाही. औद्योगिक वसाहतींत ट्रक टर्मिनलसाठी केलेली डांबरी मैदाने रविवारी ओस असतात. बाजार समित्यांची, प्रदर्शनांची, क्रीडा संकुलांची वाहनतळे आहेत. दोन-तीन क्रिकेट मैदानांएवढी, खांब आणि गटारे नसलेली सपाट जागा पुरते. आपल्याकडे ऑटोक्रॉस बहुधा मातीच्या ट्रॅकवर, खास तयार केलेल्या गाड्यांनी होतो. तो बघायला भारी, पण रोजच्या गाडीचे त्यात हाल होतात. पहिल्या इयत्तेला डांबर हवे.

आक्षेप येतील आणि ते यायलाच हवेत. पहिला, जिवाचा. कार रेसिंगमध्ये माणसे दगावतात. जानेवारी 2023 मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर के. ई. कुमार हे कित्येक वर्षांचा अनुभव असलेले ड्रायव्हर सलून शर्यतीतल्या अपघातात गेले. ती गाडीला गाडी भिडण्याची शर्यत होती. इथे मागितली आहे ती घड्याळाशी शर्यत, दुसऱ्या गिअरमधली, भिंती-कठड्यांपासून दूर. तरीही रुग्णवाहिका, अग्निशामक साधने आणि प्रेक्षकांचे अंतर या अटी लेखी असाव्यात, आणि स्पर्धा फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाच्या नियमांखालीच व्हावी. दुसरा आक्षेप आवाजाचा. कंपनीचाच सायलेन्सर लावलेली गाडी चालेल, फाडलेली चालणार नाही, हा नियम घातला की तो बराचसा निकालात निघतो. तिसरा, रस्त्यावरचे स्टंटबाज यामुळे सुधारतील का? तसे आश्वासन हे पत्र देत नाही. बॅडमिंटन हॉल मागताना गुन्हेगारी किती घटेल, असे कुणी विचारत नाही.

विम्याचा प्रश्न मात्र खरा आहे. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. कोनांमध्ये गाडीचा ॲक्सल तुटला तर खर्च मालकाच्या खिशातून. नवशिक्याला हे अर्ज भरतानाच ठळक अक्षरांत सांगायला हवे, आणि तिऱ्हाइताच्या नुकसानीसाठी आयोजकाने एका दिवसाचा विमा उतरवणे हीही अट असावी.

हे सगळे जमले तर साताऱ्यातल्या किंवा नांदेडच्या एखाद्या मुलीचा पहिला मोसम असा असेल: घरातली स्विफ्ट, एक चांगले हेल्मेट, मोसमाच्या सुरुवातीला ब्रेक ऑइल आणि पॅड, दिवसाची फी, आणि वर्षाअखेरीस बहुधा पुढचे दोन टायर, कारण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत झीज तिथेच होते. शेकड्यांत आणि हजारांत बसणारा खर्च. वर्ष-दोन वर्षांनी तिच्यात पाणी आहे असे दिसले, तर चेन्नई-कोइमतूरचा प्रशिक्षण वर्ग, फेडरेशनचे लायसन्स आणि नवशिक्यांच्या शर्यती आहेतच. तेव्हा ते 26,000 रुपयांचे डिझेल तिच्या वडिलांना डोळसपणे जाळता येईल. किमान कशासाठी जाळतो आहोत ते त्यांना ठाऊक असेल.

मागण्या चारच आहेत. एक, कलम 189 खालची संमती देण्याचे अधिकार जिल्हा पातळीवर कुणाकडे, हे शासन निर्णयाने स्पष्ट करावे. अर्ज एक पानाचा असावा आणि तीस दिवसांत होकार किंवा कारणासह नकार मिळावा. दोन, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर या सहा महसुली विभागांत सरकारी मालकीची प्रत्येकी एक जागा महिन्यातल्या एका रविवारसाठी नेमून द्यावी. तीन, त्या जागेचे भाडे करमणुकीच्या कार्यक्रमाच्या दराने न लावता क्रीडा मैदानाच्या दराने लावावे. चार, अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या संघांना आपल्या गाड्यांची चाचणी घ्यायला त्याच दिवशी सकाळचे दोन तास मोफत मिळावेत.

पावसात हा खेळ होत नाही. ऑक्टोबरमध्ये डांबर सुकते आणि मेपर्यंत आठ महिने मिळतात. पुणे विभागासाठी जागा नेमली, तर कोन, घड्याळ, झेंडे आणि ते उचलायला माणसे क्लबची असतील. मंत्रालयाकडून लागेल तो एक कागद. येत्या ऑक्टोबरमधला कोणता रविवार, तेवढे कळवावे.

कळावे,
आपला विश्वासू,
मोटारींच्या शर्यतींचा एक मराठी चाहता